जेवताना मोबाइल लागतोच? एक ते तीन वर्षांच्या मुलांची ही सवय कशी सोडवावी

मूल खुर्चीत किंवा सतरंजीवर बसलेलं असतं. समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. नजर पडद्यावर खिळलेली. आजी चमचा ओठांना लावते, तोंड आपोआप उघडतं, घास आत जातो आणि गालात तसाच पडून राहतो. मध्येच जाहिरात लागली की चावणं थांबतं आणि रडणं सुरू होतं. जाहिरात संपली की पुन्हा चमचा. शेवटी वाटी रिकामी होते आणि घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो: आज पोटभर जेवलं!

वाटी रिकामी झाली हे खरं, पण मूल जेवलं नाही. त्या अर्ध्या तासात त्याने भाताला हात लावला नाही, तुपाचा वास घेतला नाही, पोट भरल्याचं त्याला कळलं नाही आणि आजीच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. पडद्यामुळे होणारं नुकसान शोधायचं तर ते इथे शोधावं. पडद्यातून काही विषारी बाहेर येतं असं नाही. मुलाच्या समोर एक माणूस बसलेलं असायचं, त्याची जागा पडदा घेतो. म्हणून सवय सोडवताना नुसता मोबाइल उचलून चालत नाही. त्या जागी माणूस परत बसवावा लागतो, आणि मुलाची भूक त्याला परत द्यावी लागते.

सुरुवात जेवणापासूनच का? तीन वेळा अर्धा-अर्धा तास म्हटला तरी दिवसाचा दीड तास इथेच जातो. शिवाय ही वेळ ठरलेली असते, घरात कुणी ना कुणी समोर असतं, आणि इथे जमलं की बाकीच्या वेळचा मोबाइल सोडवणं बरंच सोपं जातं.

मर्यादा किती

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. वर्षाखालच्या बाळाला पडदा नको. एक ते दोन या वयातही नको. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर पाच वर्षांचं होईपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तितकं बरं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, हीसुद्धा जवळपास हेच सांगते. दोन वर्षांखाली पडदा नाही, अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून केलेल्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांत तासाभराच्या आत, तेही मोठं माणूस शेजारी असताना.

नेमकं काय बिघडतं

सगळ्यात आधी भाषा. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कुल यांच्या चमूने २००३ मध्ये एक साधा पण डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ-दहा महिन्यांच्या बाळांना मँडारिन चिनी भाषा ऐकवली, सुमारे २५-२५ मिनिटांची १२ सत्रं. एका गटासमोर प्रत्यक्ष माणूस बसून खेळणी दाखवत, पुस्तक वाचत बोलत होता. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचा, तेच बोलण्याचा व्हिडिओ दाखवला. माणसासमोर बसलेली बाळं त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखायला शिकली. व्हिडिओवाली बाळं काहीच शिकली नाहीत.

याचं कारण घरात रोज दिसतं. खिडकीत कावळा येतो. मूल बोट दाखवतं आणि "ऊं" करतं. तुम्ही त्याच्या बोटाच्या दिशेने पाहता आणि म्हणता, "कावळा! काव काव करतो." मूल तुमच्या तोंडाकडे बघतं, पुन्हा कावळ्याकडे बघतं. चार-पाच सेकंदांचा हा व्यवहार आहे. यात मुलाने सुरुवात केली, तुम्ही उत्तर दिलं, शब्द नेमका त्या वस्तूला चिकटला. व्हिडिओतला कावळा मुलाच्या बोटाकडे पाहत नाही. मूल काय म्हणतंय याची तो वाट बघत नाही. पुढचं चित्र आलेलं असतं.

म्हणूनच "आमचा दोन वर्षांचा मुलगा रंग सांगतो, इंग्रजी अक्षरं झेडपर्यंत म्हणतो" हे ऐकलं की आम्ही पुढचा प्रश्न विचारतो: तहान लागली की तो पाणी कसं मागतो? हात धरून माठापर्यंत ओढत नेत असेल, "पाणी" किंवा "मम्" असं काहीच म्हणत नसेल, बोटही दाखवत नसेल, तर ती अक्षरं पाठांतर आहेत, भाषा नाही. भाषा म्हणजे दुसऱ्याकडून काही मिळवण्यासाठी, दुसऱ्याला काही दाखवण्यासाठी वापरलेला शब्द.

मागे चालू असलेला टीव्हीसुद्धा धरा. मूल बघत नसलं तरी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दोन महिने ते चार वर्षं वयाच्या ३२९ मुलांच्या अंगावर छोटे रेकॉर्डर लावले होते. टीव्हीचा आवाज चालू असलेल्या दर तासामागे मुलांच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द ७७०ने कमी भरले. मालिका सुरू असली की आपण बोलत नाही, इतकं साधं आहे हे.

लक्ष देण्याच्या ताकदीचंही तसंच. २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांवर केलेल्या प्रयोगात फक्त नऊ मिनिटं भरभर दृश्यं बदलणारं कार्टून पाहिलेली मुलं, चित्रं काढत बसलेल्या मुलांपेक्षा थांबून विचार करायच्या खेळांत मागे पडली. तो तात्पुरता परिणाम होता. पण कार्टून बंद केल्यावर लगेच मूल सैरभैर का होतं, याचं उत्तर त्यात आहे.

मोठे अभ्यासही आहेत. कॅनडातल्या कॅलगरीच्या २,४४१ मुलांचा (२०१९) आणि जपानमधल्या ७,०९७ मुलांचा (२०२३). दोन्हींत लहानपणी जास्त पडदा पाहणाऱ्या मुलांचा पुढच्या तपासणीतला विकास थोडा मागे दिसला. जपानच्या अभ्यासात एक वर्षाच्या वयातला पडदा आणि नंतरचं संवाद व प्रश्न सोडवण्यातलं मागे पडणं यांचा संबंध दिसला. हे अभ्यास संबंध दाखवतात, एकामुळेच दुसरं झालं हे सिद्ध करत नाहीत. मात्र वरचा कावळा आठवला तर मोबाइल सोडवण्यासाठी आणखी पुराव्याची वाट बघायची गरज उरत नाही.

"काहीच खात नाही" ही तक्रार वर्षानंतरच का येते

हा भाग नीट समजून घेतला तर पुढचं अर्धं काम झालं. बहुतेक घरांत जेवताना मोबाइल येतो तो दहा ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान, आणि त्याचं कारण मुलाच्या वाढीत आहे.

जन्मतः तीन किलोचं बाळ वर्षाला साधारण नऊ किलोचं होतं. म्हणजे बारा महिन्यांत सहा किलो. पुढच्या बारा महिन्यांत मात्र ते दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग निम्म्याहून खाली येतो, त्यामुळे भूक कमी होते. त्याच सुमारास ते चालायला लागतं, घरभर फिरण्यात त्याला जेवणापेक्षा जास्त रस वाटतो, आणि "नाही" म्हणता येतं हा शोध लागतो. घरच्यांना दिसतं एवढंच: कालपर्यंत वाटीभर खाणारं बाळ आज चार घासांवर तोंड फिरवतं. घाबरून कुणी तरी गाण्याचा व्हिडिओ लावतं, तोंड उघडतं, आणि सवय लागते.

मूल उपाशी राहतंय की नाही हे ताटावरून ठरवू नका, वजनाच्या तक्त्यावरून ठरवा. अंगणवाडीत किंवा लसीकरणाच्या कार्डावर वाढीचा आलेख असतो. मुलाची रेघ आपल्या पट्ट्यात वर सरकत असेल तर त्याचं पोट त्याला पुरतंय. रेघ सपाट झाली असेल किंवा खाली वळली असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा आणि पुढचा कार्यक्रम त्यांच्या सल्ल्याने करा. कमी वजनाच्या मुलाला भूक लागू देण्याचे प्रयोग घरच्या घरी करू नयेत.

एक गोष्ट आवर्जून तपासा: रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. लोह कमी असलं की भूक मरते आणि किरकिर वाढते. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात या वयासाठी आठवड्यातून दोनदा १ मिली लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप मिळतं. ते घरी येऊन कपाटात पडलं असेल तर अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारून सुरू करा. जंताची गोळीही चुकवू नका.

आधीचे चार दिवस: तयारी

मुलाला ताप, जुलाब, दातांचा त्रास असेल, नुकतीच लस झाली असेल, किंवा घरात लग्नकार्य असेल तर थांबा. पंधरा दिवस शांत असतील तेव्हाच सुरू करा.

पहिले तीन दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावा आणि त्यावर वेळ, काय खाल्लं, किती, किती मिनिटं लागली, मोबाइल होता का, आणि मधल्या वेळात तोंडात काय गेलं हे सगळ्यांनी लिहायचं. दोन बिस्किटं, अर्धा कप दूध, शेजारच्या काकूंनी दिलेली चकली, सगळं. बहुतेक घरांत तिसऱ्या दिवशी कागदच उत्तर देतो. सकाळी उठल्यावर २०० मिली दूध, अकराला बिस्किटं, साडेबाराला पुन्हा दूध, आणि एक वाजता "जेवत नाही". एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरे. त्याहून जास्त दूध पोट भरतं आणि लोहही कमी पडू देतं.

चौथ्या दिवशी घरातले सगळे एकत्र बसा. आई-बाबा, आजी-आजोबा, सांभाळणाऱ्या मावशी, सगळे. हे बसणं टाळलं तर बाकी काहीच टिकत नाही. आजी-आजोबांना "तुम्हीच सवय लावली" असं म्हणू नका. दिवसभर नातवाला सांभाळून, उभ्या घराचं करून त्यांचे हात भरून येतात. मोबाइल त्यांनी सोयीसाठी लावला, लाडासाठी नव्हे. त्यांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिले आठ दिवस मूल कमी खाईल, आणि ते चालेल. रडलं तरी मोबाइल कुणीही काढायचा नाही. आणि पहिला आठवडा दिवसातलं निदान एक जेवण आई किंवा बाबा भरवतील, म्हणजे रडण्याचा सगळा भार एकट्या आजीवर पडणार नाही. त्यासाठी शनिवारपासून सुरुवात करणं सोयीचं.

वेळापत्रक ठरवा. दोन खाण्यांमध्ये अडीच ते साडेतीन तासांचं अंतर, आणि त्या अंतरात फक्त पाणी. नमुना असा: आठला नाश्ता, साडेदहाला फळ, एकला जेवण, झोपेनंतर साडेचारला थोडं दूध आणि खाऊ, साडेसातला रात्रीचं जेवण. अंगावर पिणारं मूल असेल तर ते पाजणंही जेवणाच्या तासभर आधी थांबवा.

बसायची जागा एकच हवी. उंच खुर्ची हवीच असं नाही. सतरंजीवर चालतं, पण पाठीला आधार हवा आणि पाय टेकलेले हवेत. मोबाइलसमोर अनेक मुलं अर्धवट आडवी होऊन जेवतात. त्या अवस्थेत लक्ष दुसरीकडे असताना घास घशात अडकायची भीती असते. मोबाइल त्या खोलीतच ठेवू नका, मोठ्यांचाही. तो शर्टाच्या खिशात वाजला तरी मुलाला पुरतो.

सुरुवातीचा दिवस

मोबाइल हळूहळू कमी करायचा की एकदम? दोन वर्षांच्या आतल्या मुलाचा एकदम बंद करा. "आज पाच मिनिटं, उद्या तीन" हे त्याला कळत नाही. त्याला फक्त कधी मिळतो, कधी मिळत नाही एवढं कळतं, आणि मग ते प्रत्येक जेवणाला नशीब आजमावतं. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगून ठेवा: "उद्यापासून जेवताना मोबाइल नाही. आपण सगळे एकत्र बसून जेवणार."

"मोबाइल बिघडला", "बुवा घेऊन गेला" असलं सांगू नका. दहा मिनिटांनी बाबांचा फोन वाजतो आणि मुलाला कळतं की रडलं तर बिघडलेला मोबाइल दुरुस्त होतो. खरं आणि छोटं वाक्य बोला, रोज तेच: "जेवताना मोबाइल नाही. वरणभात आहे."

सुरुवात दिवसातल्या सगळ्यात भुकेच्या जेवणाने करा. ते कोणतं हे कागदावर दिसेल. ताटात ओळखीचा एक तरी पदार्थ असू द्या. वाढायचं अगदी थोडं: दोन मोठे चमचे मऊ वरणभात तूप घालून, भाजीचे दोन-तीन मऊ तुकडे, चतकोर पोळीचे बोटभर तुकडे. भरलेलं ताट पाहून मूल आधीच मान फिरवतं. संपलं तर पुन्हा वाढता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने एक ते दोन वर्षांचं मूल एका जेवणाला २५० मिलीची पाऊण ते एक वाटी खातं. घरातली वाटी एकदा पाण्याने मोजून बघा. आणि हा आकडा सरासरीचा आहे, प्रत्येक जेवणाचा नाही.

तुम्ही शेजारी नाही, समोर बसा आणि तुमच्या ताटात तेच घेऊन स्वतः जेवा. मुलाच्या हातात एक चमचा द्या, हाताने खाऊ द्या. सांडेल. खाली जुनं वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक अंथरा आणि सांडणं हा शिकण्याचा खर्च समजा.

बोलायचं काय? मूल जेवढं बोलतं त्यापेक्षा एक शब्द जास्त. ते "भा" म्हणालं तर "गरम भात". ते "गरम भात" म्हणालं तर "गरम भात फुंकून खाऊ". एक वाक्य बोलून मनात पाचपर्यंत मोजा आणि त्याच्या तोंडाकडे बघत थांबा. हे थांबणं बहुतेकांना जड जातं, पण मुलाला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो.

चिऊचा घास, काऊचा घास करायला हरकत नाही. तेही लक्ष वळवणंच आहे, पण त्यात माणूस आहे, नजरेला नजर आहे, मूल त्यात भाग घेतं. फक्त पोट भरल्यावर चार घास जास्त कोंबण्यासाठी ते वापरू नका. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली, ताट ढकललं की जेवण संपलं.

२० ते ३० मिनिटांत उठा. दोनच घास गेले असले तरी. चेहऱ्यावर राग नको, मागे वाटी घेऊन धावणं नको. "झालं जेवण. आता साडेचारला खाऊ." आणि साडेचारपर्यंत खरोखरच फक्त पाणी.

पुढचे दहा-बारा दिवस

पहिल्या दिवशी आदळआपट होईल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती वाढेल, आणि इथेच बहुतेक घरं हरतात. सुटत चाललेली सवय जाण्याआधी एकदा उसळते. ही उसळी म्हणजे उपाय लागू पडत असल्याची खूण आहे. तिसऱ्या दिवशी ४० मिनिटं रडल्यावर मोबाइल दिला, तर मूल शिकतं की ४० मिनिटं रडायचं असतं, आणि पुढच्या वेळी ते तेवढं रडतंच. अधूनमधून मिळणारी गोष्ट रोज मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा सोडायला जास्त कठीण असते.

रडताना त्याला एकटं सोडू नका. जवळ बसा, पाठीवर हात ठेवा, आवाज खाली ठेवा. "तुला मोबाइल हवाय. राग आलाय." एवढंच. समजावणीची लांब भाषणं त्या वेळी कानात शिरत नाहीत.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून साधारणपणे रडणं आखूड होतं. मूल ताटाकडे बघायला लागतं, एखादा दाणा बोटाने उचलून तपासतं, तुमच्या तोंडातल्या घासाकडे टक लावतं. आठवड्याच्या शेवटी काही जेवणं बरी, काही अगदीच फसलेली, असं चित्र असतं. हिशोब एका जेवणाचा करू नका, तीन दिवसांचा करा. या वयाची मुलं एका दिवशी भरपूर आणि दुसऱ्या दिवशी चिमणीएवढं खातात.

कुठे अडतं?

घास गालात धरून ठेवणं. याचं मूळ बरेचदा मिक्सरमध्ये असतं. मोबाइलसमोर सहज आत जावं म्हणून दीड-दोन वर्षांपर्यंत खिचडी मिक्सरमधून काढली जाते आणि मूल चावायला शिकतच नाही. एकदम पोळी-भाजीवर नेऊ नका. मिक्सर बंद करून आधी रवीने घोटलेलं, चार-पाच दिवसांनी हाताने कुस्करलेलं, मग बोटांत चिरडले जातील इतके मऊ तुकडे: उकडलेला भोपळा, बटाटा, इडली, धिरड्याच्या पट्ट्या. घास लहान ठेवा, मध्ये पाण्याचा घोट द्या, आणि जागेवरून उठवण्याआधी तोंडात काही राहिलं नाही ना ते बघा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं या वयात नकोत. द्राक्षं उभी चिरून द्या, शेंगदाण्याचं कूट करा. मऊ तुकड्यांनाही वारंवार ओकारी येत असेल किंवा दीड-दोन वर्षांनंतरही फक्त पातळच चालत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

दुसरी अडचण पाळणाघर. तिथे एका ताईकडे पाच-सहा मुलं असतात आणि टीव्ही लावून भरवणं सोपं पडतं. भांडण्यापेक्षा डबा असा द्या की मूल हाताने स्वतः खाऊ शकेल, आणि टीव्ही निदान जेवणाच्या अर्ध्या तासात बंद ठेवायची विनंती करा.

तिसरी, पाहुणे आणि प्रवास. हॉटेलात किंवा लग्नाच्या पंगतीत सगळ्यांच्या नजरा असतात, मूल किंचाळतं आणि हात खिशात जातो. बाहेर जाण्याआधी घरीच पोट भरा. पिशवीत पाच-सहा गोष्टी ठेवा ज्या एरवी मिळत नाहीत: रंगीत चिकटपट्टी, झाकण फिरवायची रिकामी डबी, कपड्यांचे चिमटे, जाड पानांचं पुस्तक. एखाद्या दिवशी मोडलंच तर पुढच्याच जेवणाला पुन्हा तोच नियम. तो दिवस पुढच्या दिवसाला सवलत म्हणून वापरू नका.

स्वयंपाक करताना काय

जेवणाचा मोबाइल गेला की प्रश्न उरतो तो कुकर लावायच्या अर्ध्या तासाचा. मुलाला त्याच खोलीत, गॅसपासून दूर, खाली बसवा आणि खरं सामान द्या: दोन स्टीलचे डबे आणि त्यांची झाकणं, पळी, लाटणं, परातीत थोडं कोरडं पीठ, लसणाची अख्खी गड्डी. मटारच्या शेंगा द्यायच्या तर दाणे तोंडात-नाकात जात नाहीत यावर लक्ष हवं. तुम्ही हात चालू ठेवून बोलत राहा. कांदा चिरतेय, डोळ्यांत पाणी आलं, शिट्टी झाली, एक. रेडिओही या वेळी बंदच बरा.

खेळणी दोन पेट्यांत वाटून एक पेटी माळ्यावर टाका आणि आठवड्याने बदला. दिवसातून एकदा बाहेर नेणं मात्र चुकवू नका. एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून तीन तास हालचाल व्हावी, असं वर सांगितलेल्याच सूचनांत आहे. वन-बीएचकेत ते होत नाही, मोकळ्या जागेत आपसूक होतं.

दोन वर्षांनंतर दाखवायचं तर

मोबाइलऐवजी टीव्हीवर दाखवा. तो दूर असतो, मोठा असतो, कडेवर घेऊन पळता येत नाही. ऑटोप्ले बंद करा. छोटे उभे व्हिडिओ कधीच नको. काय दाखवायचं ते आधी स्वतः पाहा: संथ, एकच गोष्ट सांगणारं, मराठीत किंवा तुमच्या घरच्या बोलीत. १५-२० मिनिटांचा एकच भाग, तोही शेजारी बसून. वेळ घड्याळावर तोडू नका, भाग संपल्यावर थांबा. अर्ध्यावर तोडलं की रडारड ठरलेली. बंद करायचं बटण मुलालाच दाबू द्या आणि लगेच पुढचं काम तयार ठेवा: "संपलं. चल, झाडांना पाणी घालू."

व्हिडिओ कॉलची गोष्ट वेगळी. पुण्यातले आजोबा आणि न्यू जर्सीतली नात यांच्यात पडदा असला तरी पलीकडे खरा माणूस आहे आणि तो उत्तर देतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात दोन ते अडीच वर्षांची मुलं समोरासमोर जसे नवे शब्द शिकली तसेच व्हिडिओ कॉलवरही शिकली, पण आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. कॉल पाच-दहा मिनिटांचा ठेवा आणि मोबाइल तुम्ही धरा. आजोबांना "बोल ना, बोल ना" असा आग्रह करण्यापेक्षा लपाछपी खेळायला सांगा: तोंडावर रुमाल, मग "भोऽ".

रात्री झोपण्याआधी निदान एक तास कोणताही पडदा नको. अमेरिकेतल्या कोलोरॅडोतल्या २०१८ सालच्या छोट्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपण्याआधी तासभर प्रखर उजेडात खेळवलं, तेव्हा झोप आणणारं मेलाटोनिन जवळपास ८८ टक्क्यांनी दबलं. तो उजेड मोबाइलचा नव्हता, खूप जास्त होता. पण एवढ्या लहान डोळ्यांवर उजेडाचा परिणाम किती होतो ते त्यातून कळतं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत, दुपारची धरून, ११ ते १४ तास झोप लागते.

डॉक्टरांकडे कधी

मोबाइल सुटला की अनेक मुलांचं बोलणं, नजर देणं सुधारतं. पण सगळंच मोबाइलवर ढकलू नका. "व्हर्च्युअल ऑटिझम", म्हणजे मोबाइलमुळे आलेली स्वमग्नता (ऑटिझम), हा शब्द सध्या फार फिरतो. हे वैद्यकीय मान्यता असलेलं निदान नाही, आणि मोबाइल दाखवल्यामुळे स्वमग्नता होते असं सिद्ध झालेलं नाही. या शब्दाने दोन नुकसानं होतात. आई विनाकारण स्वतःला दोष देत बसते. आणि ज्या मुलाला खरोखर उपचारांची गरज आहे त्याचे "मोबाइल बंद करून सहा महिने बघू" म्हणण्यात मोलाचे सहा महिने जातात. मोबाइल आजच बंद करा आणि तपासणीची वेळही आजच घ्या.

वेळ घ्यावी अशा खुणा: नऊ-दहा महिन्यांनंतर नावाने हाक मारल्यावर वळत नाही. वर्षाचं झालं तरी टाटा करणं, हात पुढे करणं असे हावभाव नाहीत. दीड वर्षाचं झालं तरी बोटाने काही दाखवत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "बाबा आला" अशी स्वतःची दोन शब्दांची जोडणी नाही. आणि कोणत्याही वयात, आधी येत असलेले शब्द किंवा हसणं-बघणं गेलं असेल तर एक दिवसही थांबू नका.

पहिली तपासणी ऐकण्याची करून घ्या. मूल दाराच्या आवाजाला वळतं म्हणजे त्याला सगळं नीट ऐकू येतं असं नाही. सरकारी व्यवस्थेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथली तपासणी आणि उपचार मोफत असतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, तिथे ऐकणं आणि बोलणं दोन्हींची तपासणी होते.

जाताना स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा तो कागद काढून सोबत न्या. वजनाचं कार्ड न्या. मूल घरी मोबाइलशिवाय खेळत असतानाची आणि जेवत असतानाची दोन-दोन मिनिटांची चित्रफीत काढून ठेवा, कारण दवाखान्यात अनोळखी माणसासमोर मूल गप्प होतं आणि घरी ते काय करतं हे डॉक्टरांना दिसत नाही. आणि बाहेर रांगेत बसल्यावर ते कुरकुरायला लागेल, तेव्हासाठी पिशवीत कपड्यांचे चिमटे असू द्या.